घर सोडणे आणि घर हिरावले जाणे : माहितीपटांतील घराविषयी काही विचार

माहितीपट किंवा अनुबोधपट हा चित्रप्रकार आपल्या विहारांना आता अपरिचित राहिलेला नाही. जयंतीच्या सप्ताहात, धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या पूर्वसंध्येला, कधी वर्षावासातील प्रवचनमालेला जोडून असे चित्रपट दाखविले जातात आणि लोक ते एकाग्रतेने पाहतात. जळगावातील एका वस्तीत काही वर्षांपूर्वी आनंद पटवर्धन यांचा 'जय भीम कॉम्रेड' दाखविला गेला, त्या रात्री मीही प्रेक्षकांत होतो. चित्रपट संपला, दिवे लागले आणि बराच वेळ कोणी उठले नाही. नंतर एक वृद्ध उपासिका जवळ आल्या आणि अहिराणीत म्हणाल्या, "भाऊ, यामा आपलं मरनं दिसस. आपलं जगनं कोठे शे?" त्या प्रश्नाचे उत्तर मला त्या रात्री देता आले नाही. प्रस्तुत लेख हा त्या उत्तराचा एक प्रयत्न आहे.

प्रश्न चित्रपटांचा असला तरी त्याच्या मुळाशी 'घर' ही कल्पना आहे. पाली वाङ्मयात घरासाठी गह, अगार, ओक, निकेत असे अनेक शब्द येतात. प्रव्रज्येचे वर्णन करताना 'अगार' सोडून 'अनगारिय' अवस्थेत जाणे अशी शब्दयोजना वारंवार आढळते. धम्मपदाच्या जरावग्गात तर तृष्णेलाच 'गहकारक', म्हणजे घर बांधणारा, म्हटले आहे आणि त्या घराचा सांगाडा मोडल्याचे वर्णन आले आहे. यावरून काही प्रवचनकार असा निष्कर्ष काढतात की, बौद्ध दृष्टीने घर ही आसक्तीची वस्तू असून ते गेले तर शोक करण्याचे कारण नाही. धरणाखाली बुडालेल्या वा बुलडोझरखाली सापडलेल्या घराविषयी बोलतानाही हा युक्तिवाद ऐकावयास मिळतो. माझ्या मते तो धम्माचा विपर्यास आहे. गहकारकाचे घर हे रूपक आहे. ज्याचे कुडाचे घर पाडले जात आहे, त्याला हे रूपक ऐकवणे ही करुणा नव्हे.

'विहार' या शब्दाचा मूळ अर्थच मुळी वास्तव्य, राहण्याचे ठिकाण असा आहे, हे आपण सहसा विसरतो. विनयपिटकातील चुल्लवग्गात भगवान बुद्धांनी भिक्खूंना पाच प्रकारच्या निवासांची अनुज्ञा दिल्याचे नमूद आहे आणि राजगहच्या श्रेष्ठीने एका दिवसात साठ निवास उभे केल्याची कथाही तेथेच येते. ज्यांनी स्वेच्छेने घर सोडले होते, त्यांच्याही डोक्यावर पावसाळ्यात छप्पर असावे याची चिंता शास्त्याने वाहिली. मग ज्यांनी घर सोडलेले नाही, ज्यांचे ते हिरावले गेले आहे, त्यांच्याविषयी धम्म उदासीन कसा असेल?

या संदर्भात सुत्तनिपातातील धनिय सुत्त मला फार महत्त्वाचे वाटते. धनिय हा मही नदीच्या काठी राहणारा गोपालक आहे. (ही मही म्हणजे गुजरातेतील मही नव्हे; पाली वाङ्मयात गंगा, यमुना, अचिरवती व सरभू यांच्यासह जी पाच महानद्यांत मोजली जाते, ती पूर्वेकडील मही होय.) पावसाळा तोंडावर आहे. धनिय समाधानाने आपल्या घराचे वर्णन करतो: भात शिजला आहे, गायींचे दूध काढून झाले आहे, झोपडी शाकारली आहे, अग्नी पेटविला आहे, आता पावसाने खुशाल यावे. तथागत त्याच्या प्रत्येक विधानाला समांतर उत्तर देतात. त्याचे छप्पर शाकारलेले, तर यांचे उघडे. त्याचा अग्नी पेटलेला, तर यांचा विझलेला. पुढे पाऊस कोसळतो, सखल व उंच भूमी जलमय होते आणि धनिय आपल्या पत्नीसह शरण येतो.

या सुत्ताचे विवेचन करताना बहुतेक भाष्यकार तथागतांच्या उत्तरांकडे लक्ष देतात. मला त्याच्या रचनेकडे लक्ष वेधावयाचे आहे. सुत्त आधी धनियाला बोलू देते. त्याची चूल, त्याच्या गायी, त्याची पत्नी, त्याची मुले हे सर्व त्याच्याच तोंडून, त्याच्याच अभिमानासह आपल्यापर्यंत येते. दुसरी गोष्ट अशी की, धनियाला कोणी हुसकावून लावलेले नाही. त्याचा निर्णय त्याचा आहे. सोडणे आणि हिरावले जाणे यांतील भेद या सुत्तात सुस्पष्ट आहे.

या सुत्तातून माहितीपटाच्या परीक्षणाला एक कसोटी मिळते असे मी मानतो. घराविषयीच्या चित्रपटाने धनियाला आधी बोलू दिले आहे काय? म्हणजे, घर मोडण्यापूर्वी ते कसे होते, तेथे सकाळ कशी उजाडत होती, हे त्या घरच्या माणसाच्या तोंडून आपल्याला कळते काय? याला जोडून दुसरी कसोटी थेरीगाथेतून घेता येईल. मुत्ता थेरी उखळ, मुसळ आणि कुबडा पती या तीन वाकड्या गोष्टींपासून आपण मुक्त झालो असे म्हणते. एकाच छपराखाली राहणाऱ्या सर्वांचे घर सारखे नसते, हे तिने अडीच हजार वर्षांपूर्वी सांगून ठेवले. म्हणून दुसरा प्रश्न असा की, घरात राबणारी व्यक्ती चित्रपटात दिसते काय?

माहितीपटाच्या इतिहासाच्या आरंभीच या कसोटीला न उतरलेले एक प्रसिद्ध उदाहरण आहे. रॉबर्ट फ्लाहर्टी यांचा 'नानूक ऑफ द नॉर्थ' हा १९२२ सालचा मूकपट कॅनडाच्या उत्तरेकडील इनुइट कुटुंबाचे दैनंदिन जीवन दाखवितो. बर्फाच्या घरात कॅमेरा मावेना आणि प्रकाशही पुरेना, म्हणून एका बाजूने उघडे, अर्धे कापलेले घर मुद्दाम बांधण्यात आले आणि त्यात ते कुटुंब झोपताना व उठताना चित्रित केले गेले. नायकाचे खरे नाव अल्लाकारिअल्लाक होते; पडद्यावरील पत्नी त्याची पत्नी नव्हती. बंदुकीने शिकार करणाऱ्या लोकांना जुन्या भाल्याने शिकार करावयास लावले गेले. चित्रपटाचे सौंदर्य नाकारण्याचे कारण नाही. परंतु पाहणाऱ्याच्या सोयीसाठी दुसऱ्याचे घर अर्धे कापण्याची प्रथा तेथून सुरू झाली, हेही विसरता येत नाही.

याउलट इंग्लंडमध्ये १९३५ साली आर्थर एल्टन व एडगर ॲन्स्टी यांनी केलेल्या 'हाउसिंग प्रॉब्लेम्स' या छोट्या माहितीपटात लंडनच्या स्टेप्नी भागातील गरीब रहिवासी आपल्याच खोल्यांत उभे राहून, आपल्याच बोलीत, उंदीर, ओल व अपुरी जागा यांविषयी कॅमेऱ्याशी थेट बोलतात. त्या काळी ही मोठीच गोष्ट होती. मात्र चित्रपटाचा खर्च गॅस कंपन्यांच्या संघटनेने केला होता आणि उपाय सांगण्याचे काम नगरसेवक व तज्ज्ञ यांच्याकडे राहिले. दुःख रहिवाशांनी सांगावे आणि मार्ग इतरांनी दाखवावा, अशी ती वाटणी होती.

आपल्याकडे १९४८ साली स्थापन झालेल्या फिल्म्स डिव्हिजनचे माहितीपट चित्रपटगृहांत मुख्य चित्रपटाआधी सक्तीने दाखविले जात. जळगाव-धुळ्याच्या टॉकीजमध्ये आमच्या आधीच्या पिढीने आणि आम्हीही ते पाहिले. त्यांत धरणांच्या भिंती होत्या, कालवे होते, वीज होती. धरणाच्या पोटात गेलेल्या गावांतील चुली मात्र क्वचितच दिसल्या.

ही उणीव भरून काढण्याचे श्रेय ज्या दिग्दर्शकांना द्यावे लागेल, त्यांत पटवर्धन अग्रणी आहेत. त्यांच्या 'हमारा शहर' (१९८५) या चित्रपटात मुंबईतील झोपड्या पाडल्या जाताना दिसतात. पदपथावरील रहिवाशांच्या उपजीविकेचा प्रश्न जीविताच्या हक्काशी जोडणारा ओल्गा टेलिस खटल्यातील सर्वोच्च न्यायालयाचा निर्णयही त्याच वर्षीचा. चित्रपटात एक स्त्री चित्रीकरण करणाऱ्यांनाच जाब विचारते: गरिबांची छायाचित्रे घेऊन तुम्ही नाव मिळविणार, आम्हांला त्याचा काय लाभ? दिग्दर्शकाने हा प्रसंग कापला नाही. स्वतःवरील आरोप स्वतःच्या चित्रपटात ठेवणे हे प्रामाणिकपणाचे लक्षण आहे. तथापि त्या स्त्रीचा प्रश्न आणि जळगावच्या उपासिकेचा प्रश्न यांत फार अंतर नाही, हेही मान्य केले पाहिजे.

खानदेशाच्या दृष्टीने अधिक जवळचा चित्रपट म्हणजे पटवर्धन व सिमंतिनी धुरू यांचा 'नर्मदा डायरी' (१९९५). सरदार सरोवराच्या पाण्याखाली महाराष्ट्रातील जी ३३ गावे बाधित झाली, ती अक्कलकुवा व अक्राणी तालुक्यांतील होत. मणिबेली हे त्यांपैकी अगदी पहिल्या तडाख्यात सापडलेले गाव. हे तालुके तेव्हा धुळे जिल्ह्यात होते. १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. जागतिक बँक १९९३ साली या प्रकल्पातून बाहेर पडली, तरी धरण थांबले नाही. २०१७ साली ते १३८.६८ मीटर या पूर्ण उंचीसह राष्ट्राला अर्पण करण्यात आले. 'नर्मदा डायरी'त आदिवासींची होळी आहे, चढते पाणी आहे, हटण्यास नकार देणारी माणसे आहेत. नंतर पाण्याखाली गेलेल्या एका जगाचा तो पुरावा आहे. परंतु ही रोजनिशी प्रामुख्याने आंदोलनाची आहे. मोर्चे, बैठका आणि पोलीस यांच्या घटनाक्रमात घरातील साधा दिवस मध्येच डोकावतो आणि निघून जातो. धनिय येथे बोलतो, पण बहुधा घोषणेच्या वेळी.

येथे आपल्या वाचकांपैकी काही जण आक्षेप घेतील की, बाबासाहेब स्वतः नदीखोऱ्यांच्या बहुउद्देशीय विकासाचे पुरस्कर्ते होते. ते खरे आहे. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळातील मजूरमंत्री म्हणून १९४२ ते १९४६ या काळात त्यांनी दामोदर व महानदी खोऱ्यांच्या योजनांना दिशा दिली; १९४५ सालच्या कटक येथील परिषदेचे ते अध्यक्ष होते. पण पाणी सर्वांच्या कल्याणासाठी वापरावे असे म्हणणे वेगळे आणि त्याची किंमत सर्वांत दुबळ्याने, आपले ऐकूनही न घेता, मोजावी असे म्हणणे वेगळे. दुसऱ्या भूमिकेला बाबासाहेबांचे नाव जोडण्याचा अधिकार आपल्याला नाही. सातपुड्यातील भिल्ल व पावरा बांधवांचे घर गेले तेव्हा आपल्यापैकी किती जण तेथे गेले, हा प्रश्न आपण स्वतःला विचारावा.

आता 'जय भीम कॉम्रेड'कडे वळू. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली. निषेधासाठी जमलेल्या लोकांवर राज्य राखीव पोलिसांनी गोळीबार केला आणि दहा जण मृत्युमुखी पडले. चार दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी आपल्या झोपडीत, कपाळाला निळी पट्टी बांधून, आत्महत्या केली. पटवर्धन यांनी चौदा वर्षे हा धागा सोडला नाही. न्यायालयीन लढा, शाहिरी परंपरा, खैरलांजी, कबीर कला मंच असा मोठा पट २०११ साली पूर्ण झालेल्या या चित्रपटात उलगडतो. आंबेडकरी समाजाविषयी इतक्या दीर्घ निष्ठेने केलेला दुसरा माहितीपट माझ्या पाहण्यात नाही.

या चित्रपटाला वरील कसोटी लावली असता एक विलक्षण गोष्ट लक्षात येते. गोळीबारात गेलेल्यांना आपण प्रथमच भेटतो ते मृत म्हणून. त्यांची छायाचित्रे आणि त्यांच्या आप्तांचे अश्रू आपल्याला हेलावून सोडतात, पण ती माणसे काय खात होती, कशावर हसत होती, हे आपल्याला कळत नाही. अपवाद घोगरे यांचा. 'हमारा शहर'मध्ये ते गायले होते. त्यामुळे १९८५ सालचा जिवंत, गाणारा माणूस आपल्यासमोर येतो आणि मग त्याचे जाणे आपल्याला घरच्या माणसाच्या जाण्यासारखे लागते. धनिय येथे आधी बोलला होता. एका माणसाच्या बाबतीत हे घडले ते योगायोगाने. इतर दहांच्या बाबतीत घडले नाही, कारण त्यांच्या साध्या दिवसांकडे कोणी कॅमेरा वळविला नव्हता.

शीतल साठे यांच्या आईशी झालेला संवाद हा या चित्रपटातील दुसरा उत्कट भाग. मुलीचे गाणे, चळवळ, देव मानावा की न मानावा, यांविषयी ही माउली घरात बसून बोलते. घोषणा नाही, व्यासपीठ नाही. मुत्ता थेरीच्या परंपरेतील हा आवाज आहे. तो चित्रपटात आहे याबद्दल दिग्दर्शकाचे ऋण मानावे आणि तो अधिक असता तर बरे झाले असते, हेही म्हणावे.

धुळ्याहून मुंबई-आग्रा महामार्गाने दक्षिणेस निघाले की तासाभरात मालेगाव लागते. या यंत्रमागाच्या गावाचे नाव देशाने ऐकले ते २००६ व २००८ सालच्या बॉम्बस्फोटांमुळे. फैझा अहमद खान यांनी 'सुपरमेन ऑफ मालेगाव' (२००८) मध्ये त्याच गावातील शेख नासिर व त्याचे मित्र अल्प पैशांत सुपरमॅनचे विडंबन कसे चित्रित करतात, हे दाखविले. मागावर काम करणारा, हडकुळा शफीक त्यात नायक झाला. यंत्रमागाचा खडखडाट, वीज जाणे, चहाच्या टपरीवरील गप्पा यांतून एक गाव आपल्या ओळखीचे होते. स्फोटांच्या बातम्यांनी पुसून टाकलेली माणसे येथे हसतात. पुढे शफीक कर्करोगाने गेला. त्याचे दुःख होते, कारण आपण त्याच्याबरोबर हसलो होतो. पहिल्या कसोटीला हा चित्रपट पूर्णपणे उतरतो. दुसऱ्या कसोटीला मात्र अडखळतो. गावातील स्त्रिया अभिनय करीत नाहीत म्हणून नायिका बाहेरून आणावी लागते, हे चित्रपट सांगतो. पण त्या स्त्रियांच्या घराच्या उंबऱ्याशीच तोही थांबतो.

असे पाहिले तर खानदेशाच्या उत्तर कडेला मणिबेली आहे, दक्षिण कडेला मालेगाव आहे आणि मध्ये जळगाव-धुळ्याच्या आपल्या वस्त्या आहेत. जळगाव स्थानकावर उतरणारा कॅमेरा बहुधा अजिंठ्याकडे वळतो. भिक्खूंच्या रिकाम्या कोठड्या तो श्रद्धेने टिपतो आणि वाटेवरील बौद्ध वस्त्यांत थांबत नाही. कापूस वेचावयास जाणाऱ्या बाया, रावेर-यावलच्या केळीच्या बागांतील मजूर, भुसावळच्या रेल्वे वसाहतीतील निवृत्त कामगार, भिंतीवरील तथागत व बाबासाहेबांच्या प्रतिमांसमोर सायंकाळी होणारी वंदना, हे सर्व अद्याप न पाहिलेलेच राहिले आहे.

खरे तर आपल्या घराची गोष्ट सांगण्याचा पाठ बाबासाहेबांनीच घालून दिला आहे, आणि तोही खानदेशात. १९२९ साली शासकीय समितीच्या कामानिमित्त ते या भागात आले असता चाळीसगावच्या अस्पृश्य बांधवांनी त्यांना मुक्कामाचा आग्रह केला. महारवाड्यापर्यंत नेण्यास एकही टांगेवाला तयार होईना. शेवटी टांगा मिळाला, पण हाकण्यास मालक राजी नव्हता. वस्तीतील ज्याने टांगा हाकला त्याला तो हाकता येत नव्हता. पुलाजवळ घोडा उधळला, बाबासाहेब फेकले गेले आणि त्यांच्या पायाला गंभीर दुखापत झाली. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' मध्ये त्यांनी हा प्रसंग लिहिताना घटनेबरोबर तिचे कारणही उलगडून सांगितले: पाहुण्याला सन्मानाने घरी नेण्याच्या यजमानांच्या इच्छेपोटी तो अपघात घडला. त्याच लेखनात बडोद्यात राहण्यास जागा न मिळाल्याची हकीगत आहे. घर नाकारले जाणे म्हणजे काय, याचे इतके नेमके, अलंकारहीन चित्रण मराठी माणसाने पुन्हा पुन्हा वाचावे.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. आपल्या घराचे चित्रण करावयाचे म्हणजे गावाचे गोडवे गावयाचे नव्हेत. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी खेड्याविषयीच्या भाबड्या कल्पनांचा जो समाचार घेतला, तो विसरून चालणार नाही. आपले घर गावात नव्हते, गावाबाहेर होते. पण गावाबाहेरच्या त्या घरातही भाकरी भाजली जात होती, लेकरे शाळेत पाठविली जात होती आणि पाहुण्याला मुक्कामाचा आग्रह होत होता. अत्याचाराच्या इतिहासात या गोष्टी वगळल्या तर आपली माणसे केवळ बळी म्हणून शिल्लक राहतील.

पटवर्धन व इतरांवर या उणिवेचा दोष ठेवणे अन्यायाचे होईल. बुलडोझर दारात असताना चूल चित्रित करण्याचे भान बाहेरच्या माणसाला कसे राहावे? गोळीबाराची बातमी ऐकून जो धावत येतो, तो उशिराच येणार. आधीचे दिवस ज्यांच्या हाती होते, ते आपण होतो. आज आपल्या प्रत्येक घरात मोबाइल आहे. जयंतीची मिरवणूक आणि लग्नाची वरात त्यावर टिपली जाते. आजी सकाळी उठून काय करते, हे टिपले जात नाही. विहारांनी हे काम हाती घ्यावे. एका वस्तीतील एका घराचा एक दिवस, संगीताशिवाय, निवेदनाशिवाय, त्या घरच्या बोलीत, घरच्या बाईला मध्ये न तोडता चित्रित करावा, त्यावर तारीख व ठिकाण लिहावे आणि त्याची प्रत विहारात जपून ठेवावी. दरवर्षी ३१ जुलैला बाबासाहेबांच्या १९३७ सालच्या मुक्कामाच्या स्मरणार्थ लळिंगच्या लांडोर बंगल्याकडे हजारो लोक जातात. त्या दिवशीची गर्दी अनेकांनी टिपली असेल. त्या गर्दीतील एका कुटुंबाने पहाटे कोणत्या भाकरी बांधून घेतल्या, हे एकाने तरी टिपावे.

जळगावच्या त्या उपासिकेला मी आज एवढेच सांगू शकेन की, आपले मरण दुसऱ्यांनी दाखविले हे त्यांचे उपकार; आपले जगणे दाखविण्याचे काम मात्र आपल्याकडेच राहून गेले आहे. त्याची सुरुवात त्यांच्याच घरापासून करावी असे मला वाटते. त्यांनी चुलीपाशी बसावे, बोलावे, आणि आपण ऐकावे.